काळ्या ओढणीतली टाचणी

१० मार्च, रविवार

वेंडेल दुबईहून परतला. त्याला विमानतळावरून आणायला त्याची आई पिनिंग तीन जीप घेऊन गेली होती: एक पोरासाठी, दोन शेजाऱ्यांसाठी. एरवी बाजारात केळीच्या पानातला गोड भात विकणारी ही बाई आज अशी चालत होती की गावचं तळं तिच्या मालकीचं आणि आम्ही सगळे त्यातले मासे.

वेंडेल माझाच चेला. आठ वर्षांपूर्वी माझ्या पार्लरमध्ये जमिनीवरचे केस झाडायचा. टाचणी कशी धरायची, कापड कसं पडू द्यायचं, नवरीच्या आईशी खोटं कसं बोलायचं, हे सगळं मी शिकवलं. मग तो दुबईला गेला आणि श्रीमंत अरबांच्या लेकींचे लग्नाचे झगे शिवू लागला. कानामागून आली आणि तिखट झाली अशी म्हण आहे. तिखट झाला असता तर परवडलं असतं. हा गोड झालाय.

जीपमधून उतरला आणि सगळ्या गल्लीसमोर माझा हात घेऊन कपाळाला लावला. हा मान थोरांना देतात, आणि थोर म्हणजे म्हातारे. मी बावन्न वर्षांचा आहे. पार्लरच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रात पंचेचाळीस आहे आणि गावाने ते आजवर सभ्यपणे मान्य केलंय.

दुपारी खोका उघडला. माणूसभर उंचीचा खोका, त्यात सगळ्या गल्लीची नावं लावलेल्या पिशव्या. कुणाला अत्तर, कुणाला चॉकलेट, कुणाला टॉवेल. माझ्या मदतनीस दिविनाला हातातलं घड्याळ. तिच्या लेकीला, आमिहानला, चमचमणारे बूट. मला काय? टेबलावर ठेवायचा दिवा, त्याच्या मधोमध बशीएवढं भिंग. म्हणाला, बारीक कामाला बरा पडतो, मावशी.

मी आभार मानले. दिवा पार्लरच्या माळ्यावर ठेवलाय, खराब झालेल्या ड्रायरशेजारी.

१५ मार्च, शुक्रवार

नगराध्यक्षांच्या मेहुणीचे केस तपकिरी करायचे होते, ते वांग्याच्या रंगाचे झाले. रंगाच्या कंपन्या आता नळ्यांवरचे आकडे इतके बारीक छापतात की मुंगीनेच वाचावेत. मी तिला सांगितलं, मनिलात सध्या हाच रंग चाललाय. ती आरशात बघून म्हणाली, "मनिलाला जाते मग."

दिविना अलीकडे फार आळशी झाली आहे. रिकामी बसली की सुया ओवून सुयांच्या गादीवर खोचून ठेवत बसते. मी तिला काही बोलत नाही. तेवढ्या तरी सुया तयार मिळतात.

२४ मार्च, रविवार

हे लिहायला हात उचलत नाही, पण नाही लिहिलं तर रात्रभर तेच चघळत बसेन.

सालुदआजींनी जेवायला बोलावलं होतं. दुःखी मेरीमातेची मूर्ती, गावाची 'आई', पाच पिढ्यांपासून त्यांच्याकडे आहे; पवित्र आठवड्यात ती गावासाठी बाहेर पडते आणि ईस्टरच्या पहाटे मरणातून उठलेल्या आपल्या लेकाला, येशूला, भेटते. तिला सजवण्याचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी दुपारी त्या घराची मागची खोली उघडते. आईचे कपडे बदलताना घरातल्या पुरुषांना बाहेर घालवतात. नातवंडं, जावई, एकदा तर खुद्द फादर, सगळे बाहेर. मला आजवर कुणी 'बाहेर जा' म्हटलं नाही. गावात मी एक विनोद आहे. पोरांना काम असलं की मावशी, काम झालं की मामा. त्या खोलीत मात्र मी विनोद नसतो. त्या खोलीत मी कोण आहे, हे मला कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

जेवण झाल्यावर आजींनी आल्याचा काढा मागवला. सत्याऐंशी वर्षांची बाई, पण बोलायला लागली की भिंती सावध होतात.

"प्रिमितिव्हो," त्या म्हणाल्या. मला पूर्ण नावाने हाक मारणाऱ्या त्या आणि माझी वारलेली आई, दोघीच. "यंदा आईचा पोशाख वेंडेल करेल. तू काळी ओढणी कर. तिची लेस बदलायला झालीय, तीही बदल."

मी विचारलं, का. त्या म्हणाल्या, "मी सांगते म्हणून."

वेंडेल शेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली. बोहल्यावरची नवरी जशी घालते, तशी.

मी काढा संपवला. चांगला झाला होता, हेही लिहून ठेवतो, म्हणजे मी अन्याय करतो असं कुणी म्हणायला नको.

२५ मार्च, सोमवार

पोटात दुखतंय. मत्सराने दुखतं असं म्हणतात. पण काल मासळीही होती.

३ एप्रिल, बुधवार

वेंडेलने पोशाख दाखवायला बोलावलं. पिनिंगच्या घरातली जेवणाची मेज बाजूला सारलीय. सगळं घर आता शुभ्र कापडाचं. आईच्या झग्यावर सोनेरी तारेचं भरतकाम: तळ्यातली कमळं, भाताच्या लोंब्या, आणि खाली घेरभर पाणी. खरंच पाणी वाटलं. मी जवळ जाऊन बघितलं, फारच जवळ गेलो, नाक जवळजवळ कापडाला टेकलं. एक टाका वाकडा सापडला असता तर आज मला झोप लागली असती.

मुकुटही त्यानेच केलाय: बारीक तारांवर उभ्या राहिलेल्या बारा चांदण्या. हलवलं की थरथरतात. मी म्हटलं, फार काटेरी दिसतोय. आपली आई आहे, कोंबडा नाही. पिनिंगच्या हातातली पळी थांबली. वेंडेल हसला आणि म्हणाला, तार आणखी वाकवून घेतो, मावशी, तुमचं बरोबर आहे. ही त्याची युक्ती. भांडायला गेलं की माणूस कापसात बुक्की मारून येतो.

निघताना पायरी चुकली. तिथे पायरी आहे, हे सांगायचं कुणी कष्ट घेत नाही.

९ एप्रिल, मंगळवार

गाव बदललंय. पूर्वी बायका पार्लरमध्ये आल्या की माझ्याबद्दल बोलायच्या. आता माझ्यासमोर वेंडेलबद्दल बोलतात. तो दुबईत राजघराण्यातल्या मुलीचा झगा शिवत होता. तो आईला घर बांधून देणार आहे. त्याचे दात बघितलेस का. दात मी बघितलेत. दुधाचे पडत होते तेव्हापासून बघतोय.

नगराध्यक्षांची मेहुणी मनिलाहून परत आली. केस तपकिरी.

ओढणीची लेस मापून झाली. आईच्या कपाळावर ती कुठे मोडते आणि खांद्यावर कुठे बसते, हे माझे हात न बघता सांगतात. हे वेंडेलला दुबईत कुणी शिकवलं नसेल.

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आज सगळ्या गावाने झावळ्या हलवल्या. फादरनी पाणी शिंपडलं ते थेट माझ्या डोळ्यांत. घरोघरी दारावर झावळी लागली.

ऊन इतकं आहे की दिव्यांभोवतीसुद्धा रंगीत कडी दिसतात. मी दिविनाला म्हटलं, हवेत धूळ फार आहे यंदा. ती म्हणाली, होय मावशी, फार आहे. मग ती दुसरंच काहीतरी बोलू लागली: प्रांताच्या इस्पितळात जूनमध्ये डोळ्यांचं शिबिर आहे, तिच्या मामाने गेल्या वर्षी तिथे ऑपरेशन करून घेतलं, आता त्याला कोंबडीची पिसं मोजता येतात. मी म्हटलं, तुझ्या मामाला दुसरा उद्योग नाही.

यंदाचा देवदूत म्हणून तिच्या आमिहानला निवडलंय. सात वर्षांची पोर, पुढचे दोन दात नाहीत. ईस्टरच्या पहाटे चौकातल्या मांडवाच्या वरून तिला दोरीने खाली सोडतील. ती गाणं म्हणेल आणि आईच्या डोक्यावरची काळी ओढणी ओढून काढेल. दुःख संपलं. एवढंच तिचं काम, पण सगळं गाव श्वास रोखून तिच्या हातांकडे बघतं. ओढणी सुळकन आली तर वर्ष चांगलं. अडकली तर काय होतं, ते मी लहानपणी पाहिलंय. त्या वर्षी ती दोन-तीनदा ओढूनही निघेना, शेवटी फादर शिडीवर चढले. पुढे पाऊस वेळेआधी कोसळला, तळ्यातले मासे पांढरी पोटं वर करून किनाऱ्याला आले. गावाने ढगांना दोष दिला नाही. आईला सजवणाऱ्या लुमेनबाईंना दिला. लुमेनबाईंनी त्यानंतर रस्त्याकडची खिडकी कधी उघडली नाही.

म्हणून ओढणीची गाठ हे माझं सगळ्यात मोठं काम. मागच्या बाजूला एकच सुटी गाठ, ओढली की मऊ लोण्यासारखी सुटते. बावीस वर्षांत माझी ओढणी एकदाही अडकली नाही. गेल्या वर्षीच्या देवदूताच्या बोटाला नंतर पट्टी बांधलेली दिसली, पण ती पोर धांदरटच होती, काहीतरी लागलं असेल.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

आज शिवायचं नाही, कातरायचं नाही, हसायचं नाही, तीननंतर अंघोळही नाही. चौकातल्या मांडवात बायका पाळीपाळीने येशूच्या यातनांची गाथा गातायत. आवाज माईकमधून घराघरात. आज पाळी पिनिंगची होती. ती भसाड्या आवाजात रडत रडत गात होती आणि सगळे म्हणत होते, किती मनापासून. माझ्या पाळीला मी सुरात गातो, तेव्हा म्हणतात, प्रिमी, ज्या दिवशी देव मेला त्या दिवशी एवढं नटायचं नसतं.

सालुदआजी दरवर्षी मी आईला सजवून बाहेर आलो की दार लावून एकट्याच आत बसतात. झग्यावरून, बाह्यांवरून, ओढणीच्या काठावरून बोटं फिरवत बराच वेळ. एकदा मी फटीतून पाहिलंय. इतकी भक्ती मी कुणाची पाहिली नाही. यंदा त्यांच्या बोटांना सूज आहे, जपमाळसुद्धा धरवत नाही. उद्या वेंडेलच्या पोशाखावरून ती बोटं फिरणार नाहीत, याचा मला आनंद झाला. असा आनंद आज व्हायला नको होता. पण झाला, म्हणून लिहिला.

२० एप्रिल, शनिवार

आज जे केलं ते लिहितोय. कुणाला सांगायचं म्हणून नाही. सांगायला माणूस नाही म्हणून.

दुपारी मागची खोली उघडली. पुरुषांना बाहेर घालवलं. वेंडेल आत आला आणि त्यालाही कुणी 'बाहेर जा' म्हटलं नाही. मला वाटलं होतं, म्हणतील. निदान आजींची सून तरी म्हणेल. तिने उलट त्याला पंखा आणून दिला.

त्याने आईला झगा घातला. मी बाजूला उभा. बावीस वर्षं जिथे मी उभा राहायचो तिथे तो उभा होता आणि मी जिथे उभा होतो तिथे आजवर कपाट होतं. काम संपल्यावर त्याने मुकुट बसवला, चांदण्या थरथरल्या. सून रडली. आजी खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. मग वेंडेल म्हणाला, "मावशी, आता तुम्ही. ओढणीला मी हात लावणार नाही." आणि पाणी प्यायला बाहेर गेला. त्याच्यामागून सूनही गेली.

मी ओढणी घातली. गाठ मारली, माझी नेहमीची गाठ. लेस सारखी केली. आणि मग मनगटावरच्या गादीतली एक टाचणी काढून ओढणीतून आत घातली, आडवी, मुकुटाच्या तारेत अडकवून. विचार स्वच्छ होता. ओढणी अडकेल. लोक बघतील, कशात अडकली: दुबईच्या मुकुटात. माझ्या गाठीने बावीस वर्षं दगा दिला नाही. काटेरी मुकुट, मी आधीच म्हटलं होतं, पिनिंगच्या घरात, साक्षीदारांसमोर.

टाचणी पहिल्या खेपेलाच बसली. सुईत दोरा अलीकडे दहा खेपांत जात नाही.

आईच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. काळ्या ओढणीमुळे तसाही दिसत नव्हता.

संध्याकाळ

आईला चर्चमध्ये नेलं. घरी यायला निघालो तर दिविनाच्या दारात आमिहान. पंख लावलेले, एक पंख वाकडा. खुर्चीवर चढून तिने दारावरच्या पडद्याला आईची ओढणी मानलं होतं.

"मावशी, जोरात ओढायचं की हळू?"

"हळू," मी म्हटलं.

"आणि अडकली तर?"

"अडकत नाही."

"आई म्हणते, अडकली तर सगळं गाव माझ्यावर ओरडेल."

मी तिचा पंख सरळ केला. दोरीला लटकलेली सात वर्षांची पोर, खाली सगळं गाव, आणि ती ओढतेय. माझ्या हिशोबात वेंडेल होता, मुकुट होता, पिनिंगची मान होती. ही पोर नव्हतीच. माणूस मत्सराला एवढी हुशारी खर्च करतो आणि एवढंसं दिसत नाही त्याला.

चर्चकडे गेलो. मागचं दार आतून बंद होतं. आत उजेड होता, कुणीतरी होतं. दार वाजवायला हात उचलला. उघडल्यावर काय म्हणणार होतो? आईच्या डोक्यात मी काहीतरी विसरलो? काय विसरलास प्रिमी? मी हात खाली घेतला आणि घरी आलो. हेही लिहून ठेवतो.

२१ एप्रिल, ईस्टर

पहाटे दोन मिरवणुका निघतात. पुरुष उठलेल्या येशूमागून बाजाराच्या रस्त्याने, बायका काळ्या ओढणीतल्या आईमागून तळ्याच्या रस्त्याने. मी दरवर्षी आईमागून चालतो. पहिल्या वर्षी कुणीतरी हसलं होतं, आता सवय झालीय. आज चालताना दिविना माझा हात धरून होती. म्हणाली, रस्ता खडबडीत आहे, मला भीती वाटते पडायची. मी तिला धरून नेलं.

चौकात चार खांबांचा मांडव, फुगे, कागदी फुलं, बँड. आई आली, तिचा लेक आला, समोरासमोर थांबले. वर एक झडप उघडली आणि आमिहान खाली येऊ लागली. थोडी गोल फिरली. दोरी धरणाऱ्यांपैकी कुणीतरी शिवी दिली आणि लगेच छातीवर क्रूसाची खूण केली. ती गायली. दोन दात नसल्याने गाणं मधे मधे शिट्टीसारखं. मग तिने हात पुढे केले.

मी डोळे मिटले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

काहीच ऐकू आलं नाही. मग टाळ्या आल्या, घंटा आल्या, फटाके आले, बँडने चुकीची धून सुरू केली आणि मग बरोबर. डोळे उघडले तर काळी ओढणी आमिहानच्या हातात, वाऱ्यावर, आणि खाली आईचा चेहरा, चांदण्या, सोनेरी पाणी. सगळं धुरकट दिसत होतं, पण डोळे भरले होते म्हणून असेल.

मी रडलो. बायका म्हणाल्या, बघा, प्रिमीची भक्ती. म्हणू द्या.

सगळे वेंडेलभोवती जमले. पिनिंग त्याच्या गळ्यात पडली. गाठीबद्दल कुणी काही बोललं नाही. सुटलेली गाठ कुणाला दिसत नाही.

टाचणी मी लावली होती. मला पक्कं माहीत आहे, लावली होती. ती गेली कुठे?

२३ एप्रिल, मंगळवार

वेंडेल दुपारी आला. दिविना जेवायला गेली होती. पिनिंगने पाठवलेला पानातला भात त्याने टेबलावर ठेवला, माझा हात घेऊन कपाळाला लावला, मग खिशातून काड्यापेटी काढून उघडली. आत चार टाचण्या.

आजींनी सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं म्हणे. मग हळूहळू सांगितलं. काही वर्षांपासून मी सजवून गेलो की आजी दार लावून बसतात ते टाचण्या शोधायला. मी शिवून झाल्यावर काढायच्या राहिलेल्या. दरवर्षी थोड्या जास्त. गेल्या वर्षी त्यांची बोटं दुखत होती, एक राहिली आणि देवदूताच्या बोटात गेली. यंदा बोटं अजिबात चालेनात, म्हणून त्यांनी त्याला दुबईहून बोलावून घेतलं. "पोशाख तू कर, आणि ओढणी प्रिमितिव्होला करू दे," असं म्हणाल्या, "पण त्याच्यामागून तुझी बोटं फिरव." शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये तोच होता. दिवा लावून तपासत होता.

"तीन लेसमध्ये होत्या, काठाला," तो म्हणाला. "एक वर, मुकुटापाशी."

माळ्यावर ठेवलेल्या दिव्याबद्दलही त्याने सांगितलं: तोही आजींनीच आणायला सांगितला होता.

आता माझ्यासमोर दोन माणसं उभी होती, दोन्ही मीच. एकाला दिसत नाही. दुसऱ्याचं मन काळं आहे. त्यातला एक निवडायचा होता. आणि माझ्याच्याने पहिला होववेना. गावात इतकी वर्षं मला काय काय म्हटलं गेलंय, त्यातलं सगळं मी टाचा खटखटवत झेललं. पण आंधळा शिंपी ही थट्टासुद्धा नाही, ती नुसती कीव आहे.

"ती वरची मी मुद्दाम लावली," मी म्हटलं. "तुझं नाक कापायला."

वेंडेलने माझ्याकडे बघितलं. मग हसला.

"मावशी, डोळे गेले म्हणायची लाज वाटते म्हणून पाप कशाला पदरात घेता?"

"खरं सांगतोय."

"तुम्ही टाचणी धरायला शिकवलंत मला. तुम्ही असं करणारच नाही." त्याने तीन टाचण्या काढून दिविनाच्या सुयांच्या गादीत खोचल्या, काड्यापेटी बंद केली आणि माझ्यापुढे सरकवली. उठला. दारात म्हणाला, सप्टेंबरात आईचा सण आहे, आजींनी दोघांनाही बोलावलंय. निरोप शब्दशः असा आहे: प्रिमितिव्होला म्हणावं, खोलीत यायचं तर दिवा घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस. आणि जूनच्या शिबिरात दिविनाने तुमचं नाव घातलंय, तिच्यावर ओरडू नका.

तो गेल्यावर काड्यापेटी उघडली. आत एक टाचणी. तीन काढल्या आणि एक विसरला. दुबईत एवढा पैसा मिळतो, पण नीट मोजायला शिकवत नाहीत वाटतं.

मी मात्र मोजतोय. लावली मी एकच. मग त्या तीन कुणाच्या?

२४ एप्रिल, बुधवार

दिवा माळ्यावरून काढला. पुसला. लावला.

आधी भिंगासमोर हाताचा आरसा धरला. माझी डावी भुवई उजवीपेक्षा बोटभर वर आहे. म्हणजे मी रोज सकाळी ती तिथे काढतोय, आणि हे गाव, जे माझ्या चालण्यावर, बोलण्यावर, पायातल्या सपातांवर आजवर एक शब्द गिळू शकलं नाही, त्या गावाने याबद्दल मला एका अक्षराने सांगितलं नाही. दिविनाला विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, "दोन-तीन वर्षं, मावशी. पण तुम्हाला शोभते."

मग पिनिंगकडे गेलो, दिवा काखेत. म्हटलं, झगा कपाटात ठेवण्याआधी एकदा बघू दे. वेंडेलने मेजावर पसरून दिला, दिव्याची तार लावून दिली, आणि स्वतः बाजूला जाऊन उभा राहिला.

मी घेराच्या टोकापासून सुरुवात केली. कमळं बघितली, पाकळी पाकळी. लोंब्या बघितल्या. सगळं पाणी बघितलं, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत. पिनिंगने दोनदा कॉफी आणून दिली आणि दोनदा थंड झालेली परत नेली.

एकही टाका वाकडा नाही.

आता मला ते स्वच्छ दिसतं, हीच पंचाईत आहे.